मण्यारीचा प्रस्ताव

महाराजपूर, जबलपूर
१४ जुलै २०२५

प्रिय कुमुदवहिनी,

नमस्कार. दुर्वाची शाळा सुरू झाली असेल. आईचा गुडघा बरा आहे. फोनवर जमणार नाही म्हणून लिहून राहिले.

माझा संशोधनाचा प्रस्ताव मंजूर झाला. मण्यार सापाच्या विषावरचा. आधी एकदा तो परत आला होता, 'हे काम कशासाठी, तेच कळत नाही' असा शेरा घेऊन. मग सिव्हिल लाइन्समधल्या शैलजाताईंकडे गेले. निवृत्त शास्त्रज्ञ, असे प्रस्ताव तपासणाऱ्या समित्यांवर बसलेल्या. पहिलं पान वाचून म्हणाल्या, "तू काहून आर्जवं करून राहिली? आपल्याला काय माहीत नाही ते सांग. त्यापायी कोणाचं काय जातं ते सांग."

मी जोरात लिहिलं. विषावरचं औषध दुसऱ्या प्रांतातल्या सापांच्या विषापासून बनतं, आपल्या गावाकडच्या, सिहोऱ्याच्या मण्यारीवर ते चालतच नाही. ताईंनी 'चालतच नाही' खोडलं. सिद्ध झालं असेल तर प्रस्ताव कशाला, म्हणाल्या. चालतं आणि चालत नाही, दोन्ही उत्तरं लिही. तुझ्या मनाविरुद्ध निघालं तरी ते लोकांच्या कामाचं कसं, हेही लिही, तेव्हाच वाचणाऱ्याला पटतं.

ते दुसरं उत्तर लिहिताना माझा हात चालेना.

वहिनी, सिहोऱ्याच्या घरी अतुलदादाला झोपेत मण्यार चावली. चाव्याची खूण नव्हती, पोट दुखतं म्हणाला. तुम्ही ओव्याचं पाणी दिलं, उजाडायची वाट पाहिली. दवाखान्यात औषध देऊनही तो गेला. तेव्हापासून तुम्ही "माझ्यामुळे उशीर झाला" एवढंच बोलता. तुम्ही धावत गेला असता तरी ते औषध चाललं नसतं, हे मला सिद्ध करायचं होतं. प्रस्तावाचं खरं कारण तेच, आणि तेच मी कुठे लिहिलं नाही.

पण औषध चांगलं चालतं असंही निघू शकतं. मग पुढचं वाक्य मला लिहवत नाही.

पुढच्या सोमवारी प्रयोगशाळेत विष येतंय. नकार कळवावा असंही वाटलं. शेवटी ताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला विचार."

म्हणून विचारते. करू की नको?

तुमची,
अवंती


नागपूर
१८ जुलै

प्रिय अवंती,

तुझं पत्र स्वयंपाकघरात दोनदा वाचलं. दुर्वा विचारत होती काय झालं, तिला खेळायला पाठवलं.

राग आला तुझा. मग वाटलं, मी इतकी वर्षं एकच उत्तर धरून बसले, दुसरं असू शकतं असं मला कोणी म्हटलंच नव्हतं. आता तेही ऐकायची भीती वाटते. औषध चालतं असं निघालं तरी भीती, चालत नाही असं निघालं तरी.

तू काम सुरू कर. जे निघेल ते फोनवर नको सांगू, इथे ये. मला पहिले सांग, मग कागदावर लिही. आणि उलटं निघालं, औषध चालतं असं, तर लपवू नको. सिहोऱ्याच्या घराघरांत जाऊन सांगू, खूण नसली, नुसतं पोट दुखलं, तरी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मी येईन सोबत. मी सांगितलेलं बायका ऐकतील.

उत्तर कोणतंही असो, तू येशील त्या दिवशी दार उघडायला मीच येईन, एवढं ठरवलं आहे.

तुझ्यासारखीच घाबरलेली,
कुमुदवहिनी