मुरमाखालची कर्दळ

प्रिय माय,

तुझी तेरवी होऊन दोन महिने झाले, आणि आज तुला लिहायला बसलो आहे. आठवण येते म्हणून नाही, ती तर रोजच येते. काल शकूमावशी पाणी भरायचा गुंड रिकामाच घेऊन दारात आली. नदीच्या कोरड्या पात्रात, वाळूत तिनं पिण्याच्या पाण्यासाठी नेहमीसारखा झिरा उकरला होता. म्हणाली, "गजू, पान्याले साबनाचा वास येऊन राह्यला रे. काहून?"

"मले काय मालूम, मावशे!"

माय, मला सगळं मालूम होतं.

तुझ्या तेरवीला अख्खं गाव बोलावलं. दारातून कुणी उपाशी जायचं नाही, ही तुझीच सवय ना! अंगण केवढंसं, शेतात कापूस उभा. पंगत बसवायची कुठे? तेव्हा तुझ्या खड्ड्यावर माझी नजर गेली. घरामागे, नालीच्या तोंडाशी असलेला तो गिट्टी-वाळूचा लांबरुंद खड्डा. गावाचं सांडपाणी त्यातून, कर्दळीच्या मुळांतून निवळायचं आणि मग नदीकडे जायचं. खणला पंचायतीनं, सांभाळला तू.

मी कर्दळ उपटली. वर मुरूम टाकून जागा चोपून घेतली. ओल वर येऊ नये म्हणून चर मारला आणि नाली थेट नदीत सोडली. एका दिवसापुरती, असं सगळ्यांना सांगितलं.

काय देखणी पंगत बसली! बुंदी वाढता वाढता लोक म्हणत होते, "पोरानं मायचं नाव काढलं!" आणि मी फुशारून ऐकत होतो. आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं गं.

सतरंज्या उचलल्या, मुरूम तसाच राहिला. गावाला ती जागा आवडली. काकाच्या सुमनचं लग्न वैशाखात आहे, मंडप तिथेच ठरलाय. काका म्हणाले, "आता उकरतं कायले बे? पुढच्या वर्षी पाहू." मी चक्क मान डोलावली!

तू गाळ काढायला उतरायचीस तेव्हा मी किती चिडायचो. लोक काय म्हणतील, हेच माझं पालुपद. तू चिखलाचे हात तसेच कमरेवर ठेवायचीस. "आपल्या मोरीचं पानी आपुनच निस्तराव. दुसऱ्याच्या गयात कायले बांधाव?"

पण माझीही एक तक्रार आहे. एकदा तरी मला त्या खड्ड्यात उतरवायचं होतंस! कधी पुढे झालोच तर म्हणायचीस, "राहू दे, कपडे खराब होतीन." इतके कसले लाड केलेस माझे?

आज शकूमावशीकडे जाऊन सगळं कबूल केलं. नळाच्या पाण्यात तिची डाळ शिजत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं झिऱ्यावर जाते. वाटलं, शिव्या घालेल. ती चूल फुंकत राहिली. मग म्हणाली, "तुही माय कोनासाठी सांभाये तो खड्डा, मालूम हाय? माह्यासाठी. मी झिऱ्याचं पानी पितो म्हनून."

हे तू मला कधी सांगितलंच नाहीस. की सांगितलंस, आणि मी ऐकलं नाही?

काकाला आत्ताच सांगून आलो, मंडप दुसरीकडे टाका. ते रागावलेत, बोलणं बंद केलंय. राहू दे. उद्या सकाळी मुरूम काढायला घेतो. गिट्टी धुऊन परत भरीन, कर्दळ लावीन, मग चर बुजवीन. तोवर मावशीचं पाणी मी आपल्या विहिरीवरून भरणार आहे.

आणि शब्द देतो, माय. पुढच्या उन्हाळ्यात ती झिरा उकरेल तेव्हा पहिला पेला मी पिईन. त्यानंतरच तिला पिऊ देईन.

तुझा,
गजू