उदबत्तीच्या पुड्यातले अवतार

नाशिक, मंगळवार

आज सकाळी पूजा आटोपून मनमाडला गेलो. लहानपणी उदबत्तीच्या पुड्यात निघायची ती दशावतारांची कार्डं काढणाऱ्या चित्रकाराचं घर एकदाचं सापडलं. माझी कार्डं संग्रहालय मांडणार आहे, पण त्यांवर चित्रकाराचं नाव नाही. मूळ चित्रांवर तरी सही असेल, एवढीच आशा.

त्यांची सून म्हणाली, "दादा, देवाची चित्रं रद्दीत कशी घालायची? मामंजी गेल्यावर रामकुंडात सोडली."

"सही होती?"

"पाठीमागं. देवापुढं आपलं नाव नको म्हणायचे."

तिचं काय चुकलं? मीही तेच केलं असतं. पण पुराव्याशिवाय संग्रहालय 'अज्ञात'च छापणार. परतताना रामकुंडावर नुसता पाण्याकडे बघत बसलो. आता कुठे शोधू?

मघाशी माझ्या दहाही कार्डांवर शाईने त्यांचं नाव लिहिलं. पाठीमागेच.