एका माशीची दोन नावं

लेस्टर,
१७ जुलै १९८८

ती. दादा,

तुला आणि सुमेधावहिनीला नमस्कार. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. इकडे बाकी ठीक. लँडलेडीने एकदाची हीटिंग दुरुस्त केली, तीही जुलैमध्ये.

वहिनीला सांग, स्टॅनमोरला तुमच्या बागेतल्या कोबीवरून आणलेल्या अळ्यांनी माझी झोप उडवली. काही माश्यांची पिल्लं अळीच्या अंगात वाढतात आणि तिला आतून खातात. अशा माश्या ओळखून त्यांच्या जाती ठरवायच्या, ही माझी नोकरी. आमचे डॉ. विटलो यातले मोठे माणूस. तरुणपणी त्यांनी दोन नव्या जाती जाहीर केल्या. आधी रुंद कपाळाची, नंतर अरुंद कपाळाची. दुसरीला बायकोचं नाव दिलं. मार्जरीबाई यंदा मार्चमध्ये गेल्या.

आणि माझ्या बरणीत एकाच अळीतून दोन्ही निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची जोडीही जमली. म्हणजे रुंद कपाळाची ती मादी, अरुंद कपाळाचा तो तिच्याच जातीचा नर. जात एकच. नियमाने आधीचं नाव राहतं, नंतरचं जातं.

तू म्हणालास, "वर्क परमिट संपतंय, त्यांच्या सहीवर तू इथे आहेस. गप्प बस. माशीला काय फरक पडतो?" माशीला नाही पडत रे. मला पडतो.

मंगळवारी मी त्यांना दोन्ही माश्या दाखवल्या. मायक्रोस्कोपवरून त्यांनी बराच वेळ डोकं वर केलं नाही. मग म्हणाले, "मी आहे तोवर हे छापायचं थांबशील, अनुराधा?" आणि माझ्या परमिटचा अर्ज पुढे ओढून पेन उघडलं. दमदाटी केली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. हा माणूस चक्क विनवत होता.

मी नाही म्हटलं. त्यांनी पेन बंद केलं.

दोन्ही जाती एकच, हे सांगणारा लेख काल शास्त्रीय मासिकाकडे पोस्टात टाकला. आता तू चिडशील, चीड. सप्टेंबरनंतर मला इथे राहता येणार नाही. आईला मी सांगेन, तू मध्ये पडू नकोस. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू.

पण रडले ते परमिटसाठी नाही. मी इथे आले त्या पहिल्या हिवाळ्यात मार्जरीबाईंनी अंगावरचा कोट काढून मला घातला होता. त्यांचं नाव रद्द, हे वाक्य मला माझ्या हाताने टाईप करावं लागलं.

तुझं न ऐकलेली,
अनुराधा