पत्र्याखालचं भुसकट

१२ एप्रिल
ताई बाळंत होऊन वीस दिवस. आपली पत्र्याची खोली दुपारी नुसती भट्टी. बाळाच्या अंगभर घामोळ्या. आई म्हणली, "हिची सासू नांदेडहून येणार हाय. हे बघितलं की घेऊनच जाईल." ताईला सव्वा महिना इथंच राहायचंय. तिकडं गेलं की लगेच कामाला उभं राहावं लागतं.

१५ एप्रिल
बर्फवाला बर्फ भुशात ठेवतो. मग आपण का न्हाई? मीच सुचवलं. सोयाबीनचं भुसकट पोत्यांत भरलं, पत्र्याखाली बांबूवर रचलं. बाबा म्हणले, "आमचा नववी नापास इंजिनेर!" नापास न्हाई, सोडली शाळा.

१७ एप्रिल
खरंच गार. बाळ दोन तास झोपलं. शेजारची रजिया खाला बघायला आली. मी लाजून दाराआड.

२२ एप्रिल
वर खुडखुड. उंदीर. भुसकटात दाणे राहिले होते, मी चाळलंच न्हाई. म्हणजे जेवायला मीच बोलावलं. आई औषध टाकायलीती. खाला वरडली, "वरच मेला तर बाळाच्या डोक्यावर सडंल की गं! आधी त्याची वाट बंद कर."

२३ एप्रिल
सगळी पोती खाली. दोन कुरतडलेली. भिंत आन् पत्र्यामधल्या फटीत जाळी कोंबली, वरून सिमेंट. मी लावलं, बाबांनी शिडी धरली. पण खोली परत तापली. बाळ रडायलंय.

२४ एप्रिल
भुसकट आता नको. ऊन परतवायला पत्र्यावर वरून चुना, दोन हात. हात भाजले.

२५ एप्रिल
ताईची सासू आली. बसल्या बसल्या, "उंदीर झालते म्हणं?" आई म्हणली, "छे, कोण म्हणलं?" ताई खाली बघायली.
मी पाहुण्यांपुढं कधी बोलत न्हाई. आज बोलले. "झालते. माझ्यामुळं. भुसकटात दाणे होते." आईनं असं बघितलं की...
मग बुजवलेल्या फटी दाखवल्या. त्यांनी सिमेंटच्या कडेला बोट घालून बघितलं. गेलं न्हाई.
"कुणी बुजवलं?"
"मी."
"आमच्या स्लॅबच्या घरात घुशी हायत, तिथं कुणी बुजवीना." मग म्हणल्या, "उन्हाचं काय पण? उद्या दुपारी मीच झोपून बघते हितं. मग सांगते, हिला न्यायचं का ते."

२६ एप्रिल
दुपारचे दोन. चुन्यानं फरक हाय, भुसकटाइतका न्हाई. ताईची पिशवी आईनं अर्धी भरून ठेवलीय, न जाणो.
मी उंबऱ्यावर लिहायलेय. सासूबाई चटईवर आडव्या, डोळे उघडेच. पदरानं वारा घालायल्यात. बाळाला. ठेवायचं का न्यायचं, ते उठल्यावर सांगतील.