हजार मीटरच्या वरचं ‘आपण’

नोटबुर्गाची खानावळ, राबेनश्नाइडच्या वाटेवर
१४ जून

माननीय क्विरिन भावजी यांच्या सेवेशी,

आधी आपली घड्याळं, मांजर आणि राग यांच्या प्रकृतीची चौकशी करतो. घड्याळं वेळेवर असतील. मांजर (माझ्या बहिणीचं, आफ्राचं, आता आपलंच म्हणायला हवं) लठ्ठ झालं असेल. आणि राग आता तीन वर्षांचा झाला, म्हणजे एव्हाना घरभर धावत असेल. माझं म्हणाल तर गुडघे चौसष्ट वर्षांचे आहेत, बाकीचा मी जरा लहान आहे. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की परवा राबेनश्नाइडवर आपण माझा जीव वाचवलात, त्याबद्दल आभार मानायचे आहेत. आणि वाचवताना जो उद्धटपणा केलात, त्याबद्दल तक्रारही करायची आहे.

सविस्तर लिहितो, म्हणजे मागाहून ‘मी तिथे नव्हतोच’ म्हणायची सोय राहणार नाही. परवा पहाटे निघालो तो आफ्राची काठी घेऊन. हो, तीच. मुठीपासून टोकापर्यंत शिखरांचे पत्र्याचे बिल्ले ठोकलेली, जिच्यावरून आफ्राच्या दफनानंतरच्या जेवणात आपण आणि मी सूप गार होईपर्यंत भांडलो, आणि जी मी शेवटी उचलून चालता झालो. त्यानंतर आपलं जे पत्र आलं, त्यात ‘आपण’ होतं. शाळेत एका बाकावर बसलेला माणूस, एका दोरावर लटकलेला माणूस, माझ्या बहिणीचा नवरा, आणि मला ‘आपण’! (आफ्रा रागावली की मलाही ‘आपण’ म्हणायची. ‘आपण जेवून घ्यावं, आमची वाट पाहू नये.’ पण ते घरचं होतं, दोन दिवसांत उतरायचं. आपलं उतरेना.) तेव्हापासून मीही ‘आपण’च म्हणतो. चाळीस वर्षं लोकांची धुराडी झाडली आहेत, काळं तोंड घेऊन परत फिरायची मला सवय नाही.

काठीवर एका बिल्ल्याची जागा रिकामी आहे, राबेनश्नाइडची. तिथला बिल्ला तिने घेतला होता, पण ठोकायचा राहून गेला आणि ती गेली. तो मला काठीच्या कातडी पट्ट्यात सापडला. म्हटलं, वर नेऊन शिखरावरच ठोकावा. हातोडी सोबत घेतली. आपल्याला विचारायला हवं होतं, हे मला झऱ्यापाशी पोचेपर्यंत सुचलं नाही, आणि सुचल्यावर मी पाणी प्यायलो आणि पुढे निघालो.

झऱ्यावर ती पिवळी पाटी आहे, १००० मीटरची. पाटीखालच्या बाकावर आमचे फादर बसले होते. मी टोपी काढून ‘कसं काय, फादर, आपली तब्येत?’ विचारलं. त्यांनी आशीर्वाद दिला. मग दोघं मिळून पाटी ओलांडली, आणि चार पावलांवर ते म्हणाले, ‘कोर्बिनियान, लेका, तुझ्या पिशवीत मुळा असेल तर काढ.’ मी म्हटलं, ‘तुझाच तू खा की.’ असा आपल्याकडचा रिवाज. त्या पाटीच्या वर बिशपही ‘तू’ आणि करखात्याचा साहेबही ‘तू’. आजवर तो कुणी मोडल्याचं मी ऐकलेलं नाही. फादर मुळा खाऊन गुरांच्या कुरणाकडे वळले आणि मी एकटा वर निघालो.

चढावर धरायला तारेचा दोर ठोकलाय, धुकं त्याच्या आधीच आलं. खालून आलं, हे मला आवडलं नाही. आधी बूट दिसेनासे झाले, मग गुडघे. गाईंच्या घंटा ऐकू येत होत्या त्या एकेक करून थांबल्या, जणू कुणी जाऊन त्यांच्या जिभा धरत होतं. मी दगडांवरचे वाटखुणेचे लाल पट्टे बघत चाललो होतो. मग पट्टे संपले आणि वाट मात्र छान रुंद झाली. (ती मेंढ्यांची वाट होती. मेंढ्या कड्यापर्यंत जातात आणि शहाण्यासारख्या परत फिरतात.) मी खुशीत होतो. चांगल्या वाटेवर माणूस मूर्ख होतो, हे मी छपरांवर शिकलो होतो आणि तिथे विसरलो.

आणि समोरून, हाताच्या अंतरावरून, आवाज आला: ‘आपण चुकलात.’

मी जागच्या जागी थांबलो. आवाज बसलेला होता, सर्दी झाल्यासारखा. बाईचा की पुरुषाचा, शपथेवर सांगता येणार नाही. धुक्यात राखाडी लोकरी अंगरखा आणि डोक्यावर ओढलेली टोपी, एवढंच दिसलं. तसा अंगरखा आपल्याकडे आहे. माझी मान गार पडली ती आवाजाने नाही, भावजी, त्या ‘आपण’ने. सोळाशे मीटरवर मला ‘आपण’ कोण म्हणणार?

‘काठी पुढे करावी,’ आवाज म्हणाला. मी केली. पलीकडचं टोक कुणीतरी धरलं आणि मला ओढत नेलं, डावीकडे, मग उभ्या घळीतून, तारेच्या दोराला धरून वर. मी दोनदा हाक मारली, ‘क्विरिन, तूच ना रे?’ बूट वाजले ते फक्त माझेच. मी घाबरलो होतो, हे लिहायला लाज वाटते. इतका घाबरलो होतो की चांगला वागत होतो. शेवटी चढ संपला, आणि आवाज अगदी कानाशी आला: ‘ही काठी आपली नाही.’

काठी हलकी झाली. मी शिखरावरच्या क्रुसाला टेकून उभा होतो आणि जवळपास कुणी नव्हतं. पेटीतली शिखराची वही उघडली, तर शेवटची सही चार दिवसांपूर्वीची. तुला आठव– आपल्याला आठवत असेल, सही केल्याशिवाय आणि हवामानावर चार ओळी लिहिल्याशिवाय आपण कुठलंही शिखर कधी सोडलेलं नाही. मला टाळण्यासाठी आपण वहीसुद्धा सोडलीत, याचं मला फार वाईट वाटलं. बिल्ला ठोकायला हातोडी काढली आणि तशीच परत पिशवीत ठेवली. उतरताना धुकं विरलं तेव्हा मेंढ्यांच्या वाटेवर माझ्या बुटांचे ठसे पाहिले. कड्याच्या एक वीत अलीकडे संपले होते.

तर आभार. आणि कबूल करतो, काठी उचलायला नको होती. आपल्याकडे तिचं घर आहे, तिचं मांजर आहे, तिच्या हातचा मुरंबासुद्धा असेल. माझ्याकडे तिचं काहीच नव्हतं. एवढंच मला त्या दिवशी म्हणायचं होतं, आणि मी सुपाबद्दल बोललो. पण पाटीच्या वर ‘आपण’ म्हणणं शोभलं नाही, ते परत घ्यावं.

आपला (नाइलाजाने),
कोर्बिनियान

ता. क. ही खानावळ चौदाशे वीस मीटरवर आहे, तेव्हा ‘तू’ लिहायचा मला पूर्ण हक्क होता. सुरुवात आपण केली होती, म्हणून मागे हटलो नाही.

पुन्हा ता. क. पत्र टपालात टाकायला नोटबुर्गाकडे दिलं. तिने नाव वाचलं आणि म्हणाली, ‘क्विरिनला? अरे, त्याचा पाय तर मे महिन्यापासून प्लास्टरमध्ये आहे. घड्याळाच्या दुकानाच्या पायरीवरच पडला. तुला कुणी सांगितलं नाही?’ मला कोण सांगणार. पत्र परत घेऊन दार लावून बसलो आहे. त्या उंचीवर मला ‘आपण’ म्हणणारी माणसं जगात दोनच, आणि त्यातला एक प्लास्टरमध्ये आहे.

आणखी एक, क्विरिन. माझा पाय मुरगळल्याचं नोटबुर्गाला सांगितलंय, पण खरं म्हणजे काठी घेऊन खाली यायची माझी छाती नाही. दोन दिवस ती चुलीमागे कोरडी उभी करतोय आणि दोन्ही सकाळी टोकाला ताजी माती होती. ती तुझी आहे, इथेच ठेवतो. प्लास्टर निघालं की ये. हातोडी मी आणतो, बिल्ला तू ठोक. पुढचं टोक तू धर, मागचं मी. आणि वर तिने पुन्हा ‘आपण’ म्हटलं, तर बोलायचं तू. तुझ्यावरचा तिचा राग कधी जेवणापलीकडे टिकला नाही.