शेळी शिकलेलं पाणी पिली

हनुमानमामांना रत्नमालाचा पाया पडून नमस्कार. लिव्हण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. नववीत शाळा सुटली, अन् मोबाईलवर एका बोटानं टाईप करते, सकाळपासून एवढंच झालंय. मामीचे गुडघे कसे हायेत? करमाडला टँकर येतो का? आमच्या गारखेड्यात आठव्या दिवशी येतो, तोबी आला तर.

मी कॉलेजात झाडलोट करते, तिथं संस्कृती मॅडम पाण्याला शिकवतात. (हसू नका.) परातीत पाणी, खाली स्पीकर. माईकात बोललं की परात थरथरती, पाण्यावर लाटा उठतात, अन् नुसत्या लाटा बघून कॉम्प्युटर सांगतो काय बोललं ते. निम्मं डोकं पाण्याचंच, मॅडम म्हणतात. शिकवायला माझा आवाज घेतला, शंभरदा 'व्हय' अन् शंभरदा 'नाय'. पाहुण्यांपुढं तांब्या ठेवून पळणारी मी, पण परातीला कोण लाजतं? आठ दिवसात पाणी चुकंना झालं.

मग मॅडम म्हणल्या, "रत्नमाला, पाणी बदल गं, धूळ बसलीये." आता सांगा मामा, चांगलं पाणी मोरीत ओतायला हात होतो का? डब्यात भरून घरी आणलं, शेळीला पाजलं. नवं भरताना परात अर्धीच भरली. (त्यात कुणाला पोहायचंय?) दुसऱ्या दिवशी समदं उलटं, मी 'नाय' म्हणलं की 'व्हय' निघायचं. मला घाम फुटला, समदी विद्या शेळीनं पिली! संध्याकाळी तिच्यापुढं हळूच 'व्हय' म्हणून बघितलं. तिनं कान हलवला, मी अजूनच भ्याले.

सकाळी रडत कबूल केलं. मॅडम पोट धरून हसल्या. "अगं वेडे, पाणी कोणतंही चालतं. पण उंची बदलली की लाट बदलते. कमी भरलंस ना?" परातीवरच्या खुणेपर्यंत भरलं, तसं माझं 'नाय' परत 'नाय' झालं.

तुमची भाची,
रत्नमाला

ता.क. खरं काम असं की रविवारी मला बघायला पाहुणे येणारेत. मला आत्ता सोळावं लागलंय अन् बाहेरून दहावीला बसायचंय. आबांनी विचारलं, मी गप्प राहिले, तर आबा म्हणले पोरीचं व्हय हाय. आबा वाईट नायत, दोन वर्षं पाऊस नाय, घाबरलेत. परातीत शंभर 'नाय' म्हणले, आबांपुढं एक निघंना. तुम्ही शनिवारीच या. काय बोलू नका, नुसते माझ्या शेजारी बसा. 'नाय' मी म्हणते.

दुसरं ता.क. शेजारच्या भामाबाईंच्या कोंबडीनं कचरूदादाच्या स्कूटरच्या डिक्कीत अंडं घातलं, दादा ते घेऊन क्रांती चौकापर्यंत जाऊन आले, फुटलं नाय.