रिळाची बैठक

३ ऑक्टोबर
मेला चोर दुकानदार! नवी कोरी गळाची काठी, आणि रीळ जिच्यावर बसतं ती बैठकच गरगर फिरते. काल दसऱ्याचं ह्यांना तळ्यावर नेलं. मासा लागला, ह्यांनी डाव्या हातानं रीळ फिरवायला घेतलं — तर रीळच काठीभोवती फिरलं! मासा गेला दोर तोडून. हे बसले नुसते बघत.

चैत्रात लकवा झाला तेव्हापासून ह्यांच्या तोंडून अक्षर नाही. डॉक्टर म्हणतो, आवाज शाबूत आहे, बोलते करा. करा म्हणे! कसं, ते सांगायला नको त्याला. तळ्यावर बसले की तेवढे ओठ हलतात. म्हणून तर घेतली ही काठी. घरात परत आले की भिंत!

४ ऑक्टोबर
फ्रीगंजच्या बाजारात, काठी घेतली त्याच दुकानात गेले. रिक्षात घालून ह्यांनाही नेलं. दुकानातला तो सुमीत ह्यांनाच विचारतो, "दादाजी, क्या हो गया इसको?" मी म्हटलं, इनको क्या पूछता है, मैं बताती हूँ! सगळं सांगितलं. त्यानं बैठकीवरून बोट फिरवलं, वास घेतला. "माताजी, इसमें तो तेल है. किसने डाला?"

किसने म्हणजे? आमच्या सूनबाई, अपर्णा! खंडेनवमीला शस्त्रं पुजायची रीत आहे आमच्यात, सासऱ्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या चाकरीत होते ना. तलवार केव्हाच विकून खाल्ली. म्हणून ही म्हणाली, "आई, बाबांचं शस्त्र आता हेच की!" काठीला कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, वर तिळाचं तेल चोपडलं, हळदकुंकू लावून पाटावर निजवली. बैठक ज्यानं चिकटवलेली तो सगळा गोंद सुटला.

सुमीत फिदीफिदी हसला. "मछली पकड़नी थी कि अभिषेक करना था?" मी म्हटलं, गरम पानी से छूट जाए वो गोंद है कि थूक? नई दे! देत नाही म्हणे. बैठक काढून, पुसून परत चिकटवून देतो म्हणे. भर दुकानात आवाज चढवला मी. हे शेजारी स्टुलावर. कोणाच्या बाजूचे आहेत देव जाणे.

घरी येऊन अपर्णालाही सुनावलं. रडली. रडू दे.

६ ऑक्टोबर
केदारचा बंगलोरहून फोन. "आई, आता छोडो ना ते मासे. बाबांना टीव्ही लावून देत जा." टीव्ही! मेल्या, बाप आहे का बाहुलं? फोन आपटला.

९ ऑक्टोबर
काठी आली. बैठक आता हलत नाही, मी स्वतः पिळून बघितली. ह्यांच्या मांडीवर नेऊन ठेवली. ह्यांनी डोळ्यापाशी धरली, पार शेंड्यापर्यंत बघितलं — आणि दिली ढकलून! जमिनीवर!

तळ्यावर चला म्हटलं, तर मान हलवेनात. अपर्णा म्हणते, "बाबा दमलेत." दमले कसले! नखरे आहेत. एवढी तंडले कोणासाठी मी? मला काय मासे धरायचेत? चहा दिला तो बशी आपटूनच दिला. ह्यांनी बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बोला ना मग! नाही. भिंत!

१० ऑक्टोबर
सकाळी सुमीतचा फोन. "माताजी, रॉड कैसी है? दादाजी खुश?"

मी म्हटलं, खुश? अरे सुन— तेवढ्यात हातातून फोन ओढला कोणी. ह्यांनी!

"टेढी... टेढी लगाई है, गधे!"

जीभ जड, पण शब्द न् शब्द कळला. काठी डोळ्यापाशी धरून बघितली मी. दोर ओवायच्या कड्या एका रेषेत आणि रीळ भलतीकडेच तोंड करून. कालपासून समोर होतं. आम्हाला दिसलं नाही.

अपर्णाला बजावलंय — आजपासून ह्या घरात फोन वाजला की ह्यांनीच उचलायचा. तू नाही, मी नाही. वाजू दे किती वाजायचा तो!